गॅल्व्हेस्टन काउंटीचं हवामान

गॅल्व्हेस्टन काउंटी म्हणजे अमेरिकेत टेक्सासच्या आग्नेय कोपऱ्यात, ह्यूस्टनच्या खाली मेक्सिकोच्या आखाताला चिकटलेला सखल पट्टा, गॅल्व्हेस्टन बेट आणि बोलिव्हार द्वीपकल्प त्यातच येतात. हवामान दमट उपोष्ण प्रकारचं, पण एवढ्यावरून काहीच अंदाज येत नाही. जुलै-ऑगस्टमधे बेटावर दुपारी ३२-३३ अंश, नागपूरच्या माणसाला हे काहीच वाटणार नाही, खरा त्रास रात्रीचा. आखाताचं पाणीच तेव्हा ३० अंशाच्या आसपास तापलेलं असतं, त्यामुळे रात्री पारा बहुतेक वेळा २७ च्या खाली उतरत नाही आणि हवेत बाष्प इतकं की घाम वाळतच नाही. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या, त्या पुसेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. लीग सिटीसारख्या आतल्या गावांत उलटं, तिथे दुपार जास्त तापते पण रात्र जरा तरी निवते.

पावसाळा असा वेगळा नाही, वर्षाला साधारण ५० इंच पाऊस आणि तो कुठल्याही महिन्यात येतो. हिवाळा सौम्य, पण उत्तरेकडून गार वारा घुसला की काही तासांत पारा धाडकन पडतो, त्याला तिथे नॉर्दर म्हणतात. फेब्रुवारी १८९५ मधे तर बेटावर सुमारे १५ इंच बर्फ पडला होता. हिवाळ्यात किनाऱ्यालगतच्या गार पाण्यावर दमट हवा आली की दाट धुकं धरतं, मग बोलिव्हारला जाणारी फेरीबोट थांबते आणि खाडीतली जहाजंही अडकतात.

पण या जागेचं नाव निघालं की आठवतं ते ८ सप्टेंबर १९०० चं चक्रीवादळ. बेटाचा सगळ्यात उंच भाग जेमतेम ९ फूट आणि समुद्र १५ फुटांवर चढला, निदान ६ हजार माणसं गेली, अमेरिकेत एवढी जीवितहानी दुसऱ्या कुठल्याच नैसर्गिक आपत्तीत झालेली नाही. इथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मधे पेपरात लिहिलं होतं की वादळाने गॅल्व्हेस्टनचं मोठं नुकसान होईल ही कल्पनाच खुळी आहे, आणि त्याच वादळात त्यांची बायको बुडाली. हे वाचून पोटात कालवतं. त्यानंतर १७ फूट उंच समुद्रभिंत बांधली आणि घरं जॅकवर उचलून खाली वाळू भरली, अख्खं शहरच वर घेतलं.

भिंत आजही उपयोगी आहे, पण ती फक्त आखाताच्या बाजूला. १३ सप्टेंबर २००८ ला आइक वादळात पाणी मागून, खाडीकडून शहरात शिरलं आणि बोलिव्हारला तर भिंतच नव्हती, तिथे वस्त्याच्या वस्त्या धुऊन गेल्या. २०१७ च्या हार्वी वादळात काउंटीतलं डिकिन्सन गाव बुडालं ते समुद्रामुळे नाही, नुसत्या पावसाने, कारण जमीन इतकी सपाट की पाण्याला जायला वाटच नाही. आता बोलिव्हारला नवीन घर उभं राहतं ते उंच खांबांवर, खाली गाडी आणि वर माणसं, पाणी आलं तर खालून निघून जावं म्हणून.