अंडी घालताना कासवाची मादी पळून का जात नाही?

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी ओंजळ ओंजळ वाळू उपसून खड्डा करते आणि त्यात शंभरेक अंडी घालते. एकदा अंडी पडू लागली की शेजारी माणूस उभा राहिला तरी ती सहसा हलत नाही. मग तेवढ्या वेळात तिची भीती जाते कुठे?

उत्तराचा एक धागा कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकात (हार्मोनमध्ये) आहे. ताणाच्या वेळी आपल्या शरीरात जे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं, ते सरपटणाऱ्या प्राण्यांत हे करतं. संकट दिसलं की मेंदूकडून त्याच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन वाढू लागतं. साठवलेली ऊर्जा मोकळी होते, पण प्रजननाच्या बाबतीत शरीर हात आखडता घेतं. टेस्टोस्टेरॉन घसरू शकतं, अंडी तयार होणं मंदावू शकतं. आधी जीव वाचवू, पिल्लांचं पुढच्या हंगामात बघू, असा हा हिशेब.

पण हंगामच चार दिवसांचा असेल तर? कॅनडातल्या मॅनिटोबात गार्टर साप लांबलचक हिवाळा जमिनीखाली काढतात आणि वसंतात हजारोंनी बाहेर पडतात. मीलनाच्या त्या काही आठवड्यांत नर खातही नाहीत. अशा नरांना पकडून काही तास कोंडून ठेवलं, तेव्हा त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं, पण मादीमागे लागणं काही थांबलं नाही. संप्रेरक ओरडत होतं आणि शरीर ऐकत नव्हतं!

कासवांत तर ओरडच दबते. हजारो ऑलिव्ह रिडले एकाच वेळी किनाऱ्यावर येतात, त्या काळात कोस्टा रिकात माद्यांना उताणं करून ताण दिला गेला. एरवी यानं कॉर्टिकोस्टेरॉन झपाट्यानं चढायला हवं. अनेक माद्यांत ते फारसं चढलंच नाही.

ताण आईपाशी थांबतोच असंही नाही. युरोपातल्या, पिल्लांना जन्म देणाऱ्या एका सरड्याच्या गाभण माद्यांच्या पाठीवर संशोधकांनी तेलात मिसळून हेच संप्रेरक लावलं. जन्मलेली पिल्लं मूळ जागा सोडून जातात की तिथेच राहतात, यातही त्यामुळे फरक पडला.

कासवाच्या मादीची ती निश्चलता मात्र अंडी घालू लागल्यावरची. त्याआधी, पाण्यातून वर येताना, ती फार सावध असते. तेव्हा डोळ्यांवर टॉर्चचा झोत पडला किंवा समोर कुणी हललं, तर ती पोटातल्या अंड्यांसकट वळते आणि समुद्रात परत जाते.