नर्सिंगमधले शोधलेखन आणि जनरेटिव्ह एआय : सहलेखकाच्या वादामागची पार्श्वभूमी

नर्सिंगच्या संशोधनात संगणकाची मदत घेणे नवे नाही. संदर्भ जुळवणारी सॉफ्टवेअर, सांख्यिकीची पॅकेजेस, शुद्धलेखन तपासणारी साधने सगळेच वापरत आले आणि त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. वाद पेटला तो ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे सूचनेनुसार मजकूर लिहून देणारे एआय साधन सर्वांसाठी खुले झाल्यावर. नर्सिंग शिक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या जानेवारी २०२३ च्या संपादकीयावर दोन लेखकांची नावे होती. एक नाव माणसाचे होते, दुसरे चॅटजीपीटीचे. पुढे शुद्धिपत्र निघाले आणि दुसरे नाव काढले गेले.

संपादकीयात साधनाने लिहिलेला मजकूर आहे, हे लपवलेले नव्हते. उलट, वापर कबूल करायचा तर नाव द्यावे, असा प्रामाणिक विचार त्यामागे दिसतो. पण वैद्यकीय नियतकालिके लेखकपद ठरवताना चार निकष लावतात: कल्पना, आराखडा किंवा विदा (गोळा केलेली माहिती) यांत भरीव सहभाग, मसुदा लिहिणे किंवा तो तपासून सुधारणे, अंतिम प्रतीला मान्यता, आणि मजकुराच्या प्रत्येक भागाची जबाबदारी. चौथा निकष २०१३ मध्ये जोडला गेला आणि दहा वर्षांनी तोच निर्णायक ठरला. मसुदा यंत्र लिहू शकते, पण मान्यता देऊ शकत नाही. औषधाची मात्रा चुकीची छापली गेली तर वाचकाच्या पत्राला उत्तर देणेही त्याच्या हातात नाही. हितसंबंधांचे निवेदन आणि प्रकाशनहक्काचा करार या दोन्ही कागदांवर सही लागते, ती कोण करणार? जानेवारी ते मे २०२३ या काळात प्रकाशननीतीच्या प्रमुख संघटनांनी एकामागून एक तेच सांगितले: साधन लेखक नाही, वापर मात्र जाहीर करा.

निर्णय योग्यच होता. मात्र हीच फूटपट्टी प्रामाणिकपणे लावली, तर प्रबंधावरून काढलेल्या निबंधांवर केवळ पदामुळे चढणारी वरिष्ठांची कितीतरी नावेही गळतील. त्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही.

खरा गुंता ‘जाहीर करा’ या शब्दांत राहिला. बहुतेक धोरणांनी व्याकरण आणि शुद्धलेखन तपासण्याला सूट दिली. पण इंग्रजी ही दुसरी भाषा असलेली परिचारिका ‘हा परिच्छेद नीट कर’ म्हणते, तेव्हा साधन केवळ काळ आणि क्रियापद सुधारत नाही. ‘संबंध आढळला’ याचे ‘परिणाम झाला’ होते, ‘काही सहभागींनी’ गळून पडते. ही भाषासुधारणा की आशयबदल? म्हणून निवेदनात नुसते ‘एआय वापरले’ लिहून भागत नाही. साधनाचे नाव, आवृत्ती, वापराची तारीख, कोणत्या भागासाठी आणि कशासाठी, एवढे तरी हवे. आवृत्ती बदलली की त्याच प्रॉम्प्टला, म्हणजे साधनाला दिलेल्या सूचनेला, वेगळे उत्तर येते. शोधपद्धतीत साधन वापरले असेल तर मूळ प्रॉम्प्टही पुरवणीत जोडावा लागतो.

संदर्भांची गोष्ट याहून गंभीर आहे. २०२३ मधल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीच्या दोन आवृत्त्यांकडून ४२ विषयांवर छोटी साहित्य-समीक्षणे लिहून घेऊन त्यांतले ६३६ संदर्भ तपासले गेले. जुन्या जीपीटी-३.५ चे ५५ टक्के आणि नंतरच्या जीपीटी-४ चे १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. बनावट संदर्भ सहज ओळखू येत नाही, कारण त्याचे सुटे भाग खरे असतात. बेडसोअरवरचा संदर्भ मागा: लेखिका त्या विषयात खरोखर काम करणारी, नियतकालिक खरे, खंड आणि वर्ष जुळणारे, पण त्या पानांवर भलताच लेख. डीओआयचे, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणाऱ्या कायमच्या ओळखक्रमांकाचेही तसेच. ‘१०’ने सुरू होणारा पूर्वभाग प्रकाशकाचा असतो, तो प्रशिक्षणाच्या मजकुरात हजारो वेळा येतो, म्हणून बरोबर उतरतो. उत्तरभाग एकेका लेखाचा असतो. तो क्वचितच येतो, म्हणून साधन तो रचते. तपासणी क्रमाने करावी. डीओआय उघडा, शीर्षक अवतरणचिन्हांत घालून पबमेड किंवा सिनाल या लेखसूचींमध्ये शोधा, लेखक, वर्ष, खंड, पाने ताडून पाहा आणि मग लेख वाचा. शेवटची पायरी टाळली की सर्वांत अवघड चूक नजरेतून सुटते: लेख खरा असतो, पण आपल्या वाक्यात लिहिलेले तो म्हणतच नाही.

यंत्राने लिहिलेला मजकूर पकडणाऱ्या साधनांवर विसंबणे लवकरच अंगाशी आले. चॅटजीपीटीच्याच निर्मात्यांनी जानेवारी २०२३ मध्ये आणलेले ओळखयंत्र कमी अचूकतेमुळे जुलैत मागे घेतले. त्याच वर्षीच्या एका चाचणीत, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरले. नर्सिंगच्या विद्यार्थिनीवर केवळ अशा आकड्यावरून कारवाई करणे अन्यायाचे आहे. दरम्यान वापर थांबलेला नाही. शब्दांच्या वारंवारतेवरून केलेल्या एका मोजणीनुसार २०२४ मधल्या किमान १३.५ टक्के जैववैद्यकीय सारांशांवर अशा साधनांचा हात फिरला आहे.

नर्सिंगला खास भेडसावणारा प्रश्न गुणात्मक संशोधनाचा, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून अर्थ शोधणाऱ्या संशोधनाचा आहे. मुलाखतींचे उतारे सार्वजनिक साधनात टाकून ‘थीम (मुख्य आशयसूत्रे) काढ’ म्हटले, की दोन नुकसाने होतात. बोलणाऱ्याचे स्वतःचे शब्द जाऊन ‘कामाचा ताण’, ‘आधाराचा अभाव’ अशी कुठल्याही अभ्यासाला चालतील अशी शीर्षके हाती येतात. शिवाय, गोपनीयतेचे वचन मोडते. नाव काढले तरी वॉर्ड, कामाची पाळी आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की रुग्णही ओळखता येतो आणि बोलणारी परिचारिकाही. म्हणून उतारे अशा साधनात टाकण्याबद्दलचे कलम संमतीपत्रात मुलाखतीआधीच असावे लागते. नंतर परवानगी मागायला गेले, तर तिची बदली झालेली असते.