प्रथिन-औषधांचे स्थिर फॉर्म्युलेशन

इन्सुलिन, सर्पदंशावरील प्रतिविष, लाल पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन, कर्करोगावरील प्रतिपिंडे ही सारी औषधे प्रथिनांची बनलेली असतात. प्रथिनाची घडण आणि गुण कारखान्यापासून रुग्णाच्या शरीरापर्यंत टिकावेत म्हणून त्याच्याभोवती बफर (सामू, म्हणजे pH, स्थिर ठेवणारे क्षार), शर्करा, पृष्ठक्रियाकारक (साबणासारखे सीमेवर जाऊन बसणारे द्रव्य), परिरक्षक यांची जी जुळणी करतात, तिला स्थिर फॉर्म्युलेशन म्हणतात. लेबलावर औषधाचे नाव ठळक असते आणि या बाकीच्या द्रव्यांना ‘निष्क्रिय घटक’ म्हणून बारीक अक्षरात जागा मिळते. हे नाव त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांच्यावाचून यातली अनेक औषधे रुग्णापर्यंत पोचण्याआधीच बिघडतील.

प्रथिन कसे बिघडते

पॅरासिटामॉलचा रेणू जेमतेम १५१ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) आणि घट्ट बांध्याचा. इन्सुलिन ५१ ॲमिनो आम्लांचे, सुमारे ५,८०० डाल्टनचे; प्रतिपिंड तर सुमारे दीड लाख डाल्टनचे. ही लांब साखळी ठरावीक घडीत दुमडलेली असते तोवरच तिचा उपयोग, आणि ती घडी धरून ठेवणारे बहुतेक बंध दुबळे असतात. ताज्या चिकाला वाफ दिली की खरवस होतो तो याच कारणाने. पहिल्या चिकात इम्युनोग्लोब्युलिन भरपूर असते. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात, आत दडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडतात आणि रेणू एकमेकांना चिकटून वडी धरतात. प्रतिपिंडांची औषधे हीही इम्युनोग्लोब्युलिनेच. कुपीत चिकटण्याची ही क्रिया फार हळू आणि फार थोडी होते, त्यामुळे डोळ्यांना द्रव स्वच्छच दिसतो. असे पुंजके नुसते निकामी नसतात. शरीर त्यांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते.

उष्णतेखेरीज हलवण्यानेही नुकसान होते. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिन पसरते आणि उलगडते. कुपी जोरात हलवली की ही सीमा क्षणाक्षणाला नवी होत राहते. पॉलिसॉर्बेट २० किंवा ८० सारखा पृष्ठक्रियाकारक अगदी थोडा घातला तरी तो आधी त्या सीमेवर जाऊन बसतो आणि प्रथिनाला तिथे जागा उरत नाही. रासायनिक बिघाड वेगळेच: ॲस्परजिनमधून अमोनिया सुटतो, मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटतो. सामू कोणता ठेवावा याचा निर्णय बहुधा या दोन प्रकारच्या बिघाडांमधली तडजोड असतो, कारण एकाला मानवणारा सामू दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

इन्सुलिनची शंभर वर्षे

या शास्त्राचा सगळा इतिहास एका इन्सुलिनमध्ये वाचता येतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. प्राण्यांच्या स्वादुपिंडाचा तो अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने काही दिवसांनी गुण आला. सुरुवातीचे इन्सुलिन आम्लधर्मी द्रावणात विकले जाई, कारण तिथे ते चांगले विरघळते. पण त्याच आम्लात साखळीतले २१ वे ॲमिनो आम्ल, एक ॲस्परजिन, हळूहळू बिघडत असे. २००० च्या सुमारास आलेल्या ग्लार्जिन इन्सुलिनला मुद्दाम सामू ४ वर ठेवायचे होते, म्हणजे त्वचेखालच्या उदासीन सामूत त्याचा साका बसून ते दिवसभर झिरपत राहील. तेव्हा संशोधकांनी तेच ॲस्परजिन काढून त्या जागी ग्लायसिन बसवले. द्रावण रेणूला सोसेना म्हणून रेणूच बदलला, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दरम्यान, १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हान्स हागेडॉर्न यांनी माशांपासून मिळणाऱ्या प्रोटामिनशी इन्सुलिन जोडून त्याचा परिणाम लांबवला. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले एनपीएच (न्यूट्रल प्रोटामिन हागेडॉर्न) इन्सुलिन आजही वापरात आहे. बाटलीत पांढरे, दुधाळ दिसते ते हे. त्यात स्फटिक तळाशी बसतात म्हणून बाटली तळहातांमध्ये फिरवायची, खळखळ हलवायची नाही. ते एकदा गोठले तर टाकूनच द्यावे. स्फटिकांचे गोळे होतात आणि मात्रेचा भरवसा राहत नाही. घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकलेल्या बाटलीचे हे होते आणि घरच्यांना कळतही नाही.

जस्ताच्या दोन आयनांभोवती इन्सुलिनचे सहा रेणू जमून षटक बनते. या जुडीत रेणू सुरक्षित राहतात, पण जुडी सुटल्याशिवाय ते रक्तात लवकर शिरत नाहीत. १९९६ च्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये साखळीच्या टोकाजवळच्या प्रोलिन आणि लायसिन यांची अदलाबदल केली, त्यामुळे जुडी सैल झाली. मग बाटलीत ती टिकवायची कशी? हे काम जंतुनाशक म्हणून घातलेले फेनॉल आणि मेटाक्रेसॉल करतात. इन्सुलिनच्या बाटलीला येणारा दवाखान्यासारखा वास त्यांचाच. त्वचेखाली गेल्यावर ही द्रव्ये पांगतात आणि जुडी सुटते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. वापरायला काढल्यावर बहुतेक प्रकार खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतात. फ्रिज नसलेल्या घरांत मडके वापरतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाझरणारे मडके चांगले गार होते, कोकणातल्या दमट हवेत तितके नाही. केनियातील दगहाले निर्वासित छावणीतल्या तापमानावर बेतलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांमध्ये चढउतार होत असताना चार आठवडे ठेवलेले इन्सुलिन फ्रिजमधल्याइतकेच गुणकारी राहिले, असे त्यात दिसले. गरीब रुग्णांसाठी हा मोठा दिलासा आहे.

शीतशुष्कन आणि प्रतिविष

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर भारतात वापरले जाणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनते. मुंबईत परळची हाफकिन ही त्या कामासाठी ओळखली जाणारी संस्था. सर्पदंश पावसाळ्यात वाढतात आणि खेड्यातली वीज नेमकी तेव्हाच जाते. म्हणून फ्रिजवर फारसे न विसंबणारी पूड हे इथे सर्वांत शहाणपणाचे रूप. पूड कुपीतच तयार होते: द्रावण गोठवायचे, निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची, मग थोडे तापवून उरलेला ओलावा काढायचा. यालाच शीतशुष्कन म्हणतात.

गोठणे इन्सुलिनला मारक असेल तर इथे तारक कसे? गोठणे इथेही धोक्याचेच असते. बर्फ होताना प्रथिन आणि क्षार उरलेल्या पाण्यात दाटतात. सोडियम फॉस्फेटचा बफर असेल तर त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन सामू घसरतो. धोका टाळण्यासाठी सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज घालतात. पाणी गेल्यावर ही शर्करा प्रथिनाभोवती त्याची जागा घेते आणि काचेसारखी घट्ट होते. चिक्कीतला पाकही असाच घट्ट झालेला असतो, आणि पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिक्की जशी चिकट होते तशीच ओलावा शिरलेली पूडही मऊ पडते. मग आतले रेणू पुन्हा हलू लागतात. ग्लुकोज किंवा लॅक्टोज मात्र चालत नाही. त्या शर्करा प्रथिनाशी जोडल्या जाऊन त्याचा रंग तपकिरी करतात. पूड विरघळवताना कुपी हळुवार गोल फिरवायची असते. समोर रुग्ण अत्यवस्थ असताना हे अवघड जाते, पण जोरात हलवल्यास फेस होतो आणि उलट वेळच जातो.

एका बदलाचे परिणाम

१९९८ मध्ये युरोपात विकल्या जाणाऱ्या एका एपोएटिन अल्फा (कारखान्यात बनवलेले एरिथ्रोपोएटिन) औषधातून मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आले. प्रथिन तेच राहिले. पुढच्या काही वर्षांत मूत्रपिंडाच्या काही रुग्णांच्या शरीरात एरिथ्रोपोएटिनविरोधी प्रतिपिंडे तयार झाली. ती औषधाबरोबर शरीराचे स्वतःचे एरिथ्रोपोएटिनही निकामी करीत, आणि लाल पेशी बनणेच थांबे. पॉलिसॉर्बेटने रबरी बुचातून काही द्रव्ये ओढली असावीत, असा संशय घेतला गेला. पुंजक्यांचाही विचार झाला. लेप दिलेली बुचे आली, त्वचेखाली टोचणे थांबवले, आणि प्रकरणे घटली. नेमक्या कारणावर संशोधकांचे एकमत झालेले नाही. तेव्हापासून बूच, सिरिंजमधले सिलिकॉन तेल, काच यांचाही फॉर्म्युलेशनचा भाग म्हणून अभ्यास होतो.

मुदत कशी ठरते

साध्या गोळ्यांना ४० अंशांवर काही महिने ठेवून त्यांच्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो. प्रथिनांना तसे करता येत नाही. वाढत्या तापमानात कधी एक बिघाड पुढे जातो, कधी दुसरा, आणि ४० अंशांवर दिसलेले ५ अंशांवर घडेलच असे नसते. म्हणून औषधांचे नियम देशोदेशी जुळवणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या १९९५ च्या क्यू५सी मार्गदर्शक सूचना प्रत्यक्ष काळाची माहिती मागतात. लेबलावर २४ महिने लिहायचे असतील, तर तितके महिने ती कुपी त्याच तापमानाला ठेवून, ठरलेल्या अंतराने उघडून तपासावी लागते.