पाळी गेल्यानंतरचं अस्तर आणि रिपोर्टमधले ४ मिमी

पाळी बंद झालेल्या बाईच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये "एंडोमेट्रियम (म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर) अमुक मिमी" अशी ओळ असते ना, त्या आकड्यामागे शंभर-दीडशे वर्षांची धडपड आहे. १८६९ मध्ये पँटालिओनी या डॉक्टरने ६० वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात नळी घालून आत बघितलं, तिला पाळी गेल्यावरही ब्लीडिंग होत होतं आणि आत पॉलिपसारखी वाढ दिसली. पण नॉर्मल अस्तर कसं असतं हेच तेव्हा नीट माहीत नव्हतं, ते दर महिन्याला कसं बदलत जातं हे १९०८ मध्ये हिट्शमन आणि अ‍ॅडलर यांनी दाखवलं, तोवर त्यातले कित्येक नैसर्गिक बदल आजारातच धरले जायचे.

खरा धक्का नंतर बसला. अस्तर वाढतं ते इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे, त्याला आवर घालतं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन. पाळी गेली की दोन्ही कमी होतात, अस्तर पातळ आणि नाजूक होतं. १९४२ पासून अमेरिकेत प्रेमारिन ही इस्ट्रोजेनची गोळी मिळायला लागली, पुढे लाखो बायकांनी गरम वाफा वगैरेसाठी नुसतं इस्ट्रोजेन घेतलं आणि १९७५ मध्ये दोन अभ्यास आले की अशा बायकांमध्ये अस्तराच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने जास्त आहे. ही किंमत बायकांनी मोजली, हे विसरता कामा नये. तेव्हापासून गर्भाशय असेल तर हार्मोन थेरपीत प्रोजेस्टेरॉनची जोड देतात. टॅमॉक्सिफेनचंही तसंच, ब्रेस्ट कॅन्सरवर ते मोठा आधार आहे पण पाळी गेलेल्या बायकांमध्ये अस्तर जाड करू शकतं.

आधी पाळी गेल्यावर ब्लीडिंग झालं की क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, ठरलेलंच. १९८० च्या दशकात योनीमार्गातून सोनोग्राफी आली आणि अस्तर मोजता यायला लागलं. मग दिसलं की अशा ब्लीडिंगचं कारण बहुतेक वेळा पातळ, सुकलेलं अस्तरच असतं, कॅन्सर साधारण दहातल्या एकीला निघतो. म्हणून एकदाच डाग दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचंच, लाजायचं नाही.

आणि अस्तर ४ मिमी किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी, ही ४ मिमीची मर्यादा ब्लीडिंग होणाऱ्या बायकांसाठी आहे हं. काहीच त्रास नसताना सहज केलेल्या सोनोग्राफीत ५-६ मिमी आलं तर तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, उलट अस्तर पातळ असूनही ब्लीडिंग परत परत होत असेल तर बायोप्सी करावीच लागते, कारण काही कॅन्सर पातळ अस्तरातही असतात.