डक

डक हा बदक या पक्ष्यासाठीचा इंग्रजी शब्द. बुडी मारणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून पक्ष्याला हे नाव पडले. तेच क्रियापद आज डोके झटकन खाली घेणे या अर्थाने वापरतात. बाउन्सर आला की फलंदाज ‘डक करतो’ ते हेच.

मराठी माणसाला हा शब्द भेटतो तो मात्र बहुधा धावफलकावर. एकही धाव न काढता बाद होणे म्हणजे डक. शून्याच्या आकारावरून इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ‘डक्स एग’ म्हणू लागले. पुढे अंडे गळाले, बदक उरले. आपल्याकडे त्याच शून्याचा भोपळा झाला, आणि पहिली धाव निघाली की तो फुटतो. इंग्रजीतही पहिली धाव निघाली की फलंदाजाने ‘डक मोडला’ (ब्रेक वन्स डक) असे म्हणतात. पहिल्याच चेंडूवर बाद झाल्यास ‘गोल्डन डक’, एकही चेंडू न खेळता धावबाद वगैरे झाल्यास ‘डायमंड डक’, दोन्ही डावांत शून्य म्हणजे ‘पेअर’. कसोटीत सर्वाधिक, ४३ वेळा, शून्यावर बाद झाला तो वेस्ट इंडीजचा गोलंदाज कोर्टनी वॉल्श. पण सर्वांत गाजलेला डक डॉन ब्रॅडमन यांचा. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर, कसोटी कारकिर्दीतल्या शेवटच्या डावात, एरिक हॉलिसच्या दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. चार धावा झाल्या असत्या तर सरासरी १०० भरली असती, ती ९९.९४ वर थांबली.

‘बॉम्बे डक’ म्हणजे बोंबील. हे बदक नव्हे, मासा. सुका बोंबील मुंबईहून ‘डाक’गाडीने जाई म्हणून हे नाव पडले, ही कथा लोकप्रिय असली तरी टिकत नाही: मुंबईत रेल्वे १८५३ मध्ये आली, नाव त्याच्या आधीपासून छापील इंग्रजीत आहे. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मुंबईकर अजित आगरकर लागोपाठ पाच कसोटी डावांत शून्यावर बाद झाला, तेव्हा हेच नाव त्याला चिकटले. २००२ मध्ये त्याने लॉर्ड्सवर नाबाद १०९ धावा केल्या, तरी ते पुरते सुटले नाही.

‘लेम डक’ हा प्रयोग अठराव्या शतकातील लंडनच्या शेअरबाजारातला, देणी न फेडू शकणाऱ्या सटोडियासाठीचा. आता तो मुख्यतः अमेरिकी राजकारणात, उत्तराधिकारी निवडून आल्यावरही मुदत संपेपर्यंत पदावर असलेल्या नेत्यासाठी वापरतात. ‘डक’ नावाच्या जाड सुती कापडाचा मात्र पक्ष्याशी संबंध नाही. तो शब्द डच भाषेतला.