वारूळ फोडणाऱ्याचा माग

बामणोलीहून लाँचनं वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला उतरलो, तेव्हा मे महिन्याचं ऊन तापायला लागलं होतं. मेट इंदवली मागे टाकून चढणीला लागलो आणि वाटेच्या डाव्या अंगाला एक वारूळ पोखरलेलं दिसलं. मधोमध कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक, भोवती तांबड्या मातीचा सडा आणि कडेला बोटभर रुंदीचे लांबच लांब ओरखडे. सोबतच्या वाटाड्या मामांनी काठीनं एक ढेकूळ उलटं केलं. खाली वाळवीची पळापळ.

"अस्वलाचं रातचंच काम हाय. माती वाळली न्हाई अजून," मामा म्हणाले. मग त्यांनी आवाज मुद्दाम चढवला आणि गावातल्या कुणाच्या तरी लग्नाची हकीकत सांगत पुढं निघाले.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नाव वाघाचं, त्यामुळे बोलणंही वाघाचंच होतं. अस्वल त्याच रानात राहतं, पण त्याची चौकशी सहसा त्यानं कुणाला तरी फाडल्यावरच होते.

वारूळ फोडायला नखं पुरतात. सहा-आठ सेंटिमीटर लांब, बाकदार. खरी गंमत त्यानंतर आहे. अस्वल तोंड भोकाशी नेतं आणि आधी जोरात फुंकर मारून माती उडवून लावतं. मग नाकपुड्या मिटून घेतं (हो, त्या मिटता येतात), लांब सैल ओठांची नळी करतं आणि वाळवी सरळ ओढून घेतं. वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात या जातीला नसतातच. इतर बहुतेक अस्वलांना बेचाळीस दात, याला चाळीस. त्या फटीतून वाळवी आत जाते. रात्री रान शांत असेल तर हा सूं-सूं आवाज शंभर मीटरच्या पलीकडूनही ऐकू येतो. घरातला व्हॅक्युम क्लीनर फक्त ओढतो. हे आधी फुंकतं, मग ओढतं.

लांब नखं आणि ते गायब दात, एवढ्यावरून जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गतज्ज्ञानं १७९१ मध्ये याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या गोतात बसवलं. पुढे चूक कळली, जात बदलली, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मराठीनं ही भानगड केली नाही. आपल्याकडे अस्वल म्हणजे हेच.

पण ते दिसत नाही, मग अभ्यास कसा करायचा? कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. इथे काळ्या केसांचा ढीग आणि छातीवर पांढुरका इंग्रजी व्ही, तोही समोरून उभं राहिलं तरच नीट दिसणार. म्हणून अभ्यासकांची खरी भिस्त विष्ठेवर. ती चाळणीत धुवायची, वाळवायची आणि बिया एकीकडे, मुंग्या-वाळवीची न पचलेली डोकी दुसरीकडे करायची. काम किळसवाणं वाटेल, पण वर्षभराच्या ताटात काय काय होतं ते यातून कळतं. फळं नसतील तेव्हा किडे, आणि उन्हाळ्यात फळांवर ताव. यातल्या बऱ्याच बिया शाबूत बाहेर पडतात, तेही झाडापासून लांब कुठेतरी. रोपवाटिका चालवावी तसंच हे.

आता त्याच्या रागाविषयी. 'अस्वलाच्या गुदगुल्या' आपण हसत म्हणतो. पण त्या झालेल्या माणसाच्या जखमा बहुतेक वेळा डोक्याला आणि तोंडाला असतात. हा प्राणी माणूस खायला येत नाही. त्याची नजर अधू, नाक तीक्ष्ण, आणि वारुळात तोंड खुपसलेलं असताना आजूबाजूचं भान नाही. जवळ पोचेपर्यंत त्याला आपण कळतच नाही. मग पळावं की भिडावं? अभ्यासकांचा अंदाज असा की हजारो वर्षं वाघ-बिबट्यांच्या शेजारात राहिल्यानं ते भिडायला शिकलं. झाडावर चढावं तर बिबट्याही चढतो, पळावं तर वाघ गाठतो. त्यात आई असेल तर पाठीवर पिल्लं. केसांना घट्ट धरून ती नऊएक महिन्यांची होईस्तोवर अशीच फिरतात. अशा बाईनं पळून जायचं तरी कुठं?

लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचा, तेव्हा हे काहीच कळत नव्हतं. नाकातून ओवलेली दोरी, घासून बोथट केलेले दात. आणि आजीनं त्याचा एक केस विकत घेऊन माझ्या ताईतात घातला होता, मला भीती वाटू नये म्हणून!

उतरताना मामा एका करवंदीच्या जाळीजवळ थांबले. पिकून काळी झालेली करवंदं, आणि पाचोळ्यावर काळपट, चिकट गोळा. मामांनी काडीनं तो उकलला. चपट्या बिया, मुंग्यांची डोकी, उंबराचा बारीक चुरा. मी जाळीत हात घालणार तोच त्यांनी मनगट धरलं, घसा खाकरला आणि काठी दोन-तीन वेळा दगडावर आपटली. आत काही हललं नाही.

"घ्या आता," ते म्हणाले. "पर बोलत बोलत तोडा."