मोठेपणी पहिली फिट : निदानाच्या आणि गोळ्यांच्या मागचा इतिहास

फिट येऊन गेलेल्या मोठ्या माणसाचा ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) बऱ्याचदा नॉर्मल येतो. घरच्यांना हायसं वाटतं. न्यूरोलॉजिस्ट मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून विचारत राहतात: त्या वेळी जवळ कोण होतं? आधी हात आखडला की मान वळली? डोळे उघडे होते का? भानावर यायला किती वेळ लागला? तंत्रज्ञान इतकं पुढे गेलं तरी हे प्रश्न टिकून आहेत, आणि त्याला कारण आहे.

जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी लंडनमध्ये हेच प्रश्न विचारून अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, अभ्यासाचा पाया घातला. मेंदूच्या करड्या भागातून अचानक, अतिरेकी आणि स्थानिक विद्युतस्राव होतो, ही त्यांची 1873 सालची मांडणी. त्यांच्याकडे कुठलंही यंत्र नव्हतं. अंगठ्यापासून सुरू झालेली थरथर हळूहळू खांद्याकडे कशी सरकली, एवढ्या वर्णनावरून ते मेंदूतली जागा ताडत.

जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या ईईजीवरचा पहिला निबंध 1929 मध्ये छापला. सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. 1935 मध्ये बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी काही सेकंद हरवल्यासारखं होण्याच्या झटक्यांमध्ये सेकंदाला तीन लहरींचा ठरावीक आकृतिबंध दाखवला, आणि यंत्राचा दबदबा वाढला. पण हे झटके मुख्यतः लहान मुलांचे. मोठेपणी सुरू होणारे झटके बहुतेक मेंदूच्या एखाद्याच भागातून उठतात आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात ईईजी गप्प राहू शकतो. रात्री जागवून काढलेला किंवा पुन्हा काढलेला ईईजी जास्त सांगतो, तरी नॉर्मल रिपोर्टने अपस्मार नाकारता येत नाही. म्हणून कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ आज डॉक्टरांना मोलाचा वाटतो.

सीटी स्कॅनने 1971 पासून आणि पुढे एमआरआयने वेगळा प्रश्न हाती घेतला: फिट का आली? जुना पक्षाघात, डोक्याला मार, गाठ, मेंदूतले जंत. मोठ्या माणसात ही कारणं शोधावीच लागतात.

एका झटक्यावर औषध सुरू करायचं का, हा वाद जुना. पूर्वी अपस्मार म्हणायला तात्कालिक कारणाशिवाय आलेले दोन झटके लागत. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने व्याख्या सैल केली: एकच झटका आला, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता किमान 60 टक्के असेल, तर तोही अपस्मारच. मेंदूत पक्षाघाताचा जुना व्रण असलेल्या रुग्णाला पहिल्याच फिटनंतर गोळ्या लागतात, त्या यामुळे.

औषधांचा इतिहास तर बराचसा योगायोगाचाच. 1857 मध्ये लोकॉक यांनी ब्रोमाइडची शिफारस केली, ती झटक्यांचा संबंध मासिक पाळीशी जोडून; तर्क चुकीचा, औषध लागू पडलं. 1912 मध्ये हाउप्टमान यांनी झोपेसाठी दिलेल्या फेनोबार्बिटलने झटके कमी झाले. ठरवून शोधलेलं औषध आलं ते 1938 मध्ये: मेरिट आणि पटनम यांनी मांजरांवर विजेचे झटके रोखून पाहत फेनिटॉइन निवडलं. गुंगी न आणताही झटके थांबतात, हे त्यातून कळलं. माझ्या मते खरं वळण हेच, कारण कामधंदा सांभाळणाऱ्या माणसाला गुंगी परवडत नाही. व्हॅल्प्रोएट पुन्हा अपघातानेच: 1963 मध्ये फ्रान्समध्ये ते इतर रसायनं विरघळवण्यासाठी वापरलं जात होतं आणि त्यात विरघळवलेलं प्रत्येक रसायन ‘गुणकारी’ ठरू लागलं! गर्भावर होणारे त्याचे दुष्परिणाम स्पष्ट झाल्यावर मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो टाळलं जाऊ लागलं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम ही नवी औषधं पुढे आली.

ग्लासगोच्या 2000 सालच्या अभ्यासात 47 टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांचे. तिसऱ्यानंतर फारच थोड्यांचे. म्हणून योग्य निवडीची दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके चालू राहिले, तर तिसरी-चौथी गोळी वाढवत बसण्याआधी व्हिडिओ-ईईजी करतात, म्हणजे झटक्याचं चित्रण आणि ईईजी एकाच वेळी घेतात. काहींना त्यातून शस्त्रक्रियेचा मार्ग सापडतो. काहींचे झटके अपस्माराचे नव्हतेच, मानसिक कारणांतून येत होते, असं निघतं. त्यांच्या गोळ्या हळूहळू उतरवतात आणि उपचार मानसोपचाराच्या दिशेने वळतात.